रोजची ७३ मिनिटे

दिवसाला २.२२ तास. भारतातील पाच वर्षांखालील मुले मोबाइल, टीव्ही आणि टॅब्लेटसमोर सरासरी इतका वेळ असतात. रायपूरच्या एम्समधील संशोधकांनी देशात झालेले १० अभ्यास आणि त्यांतील २,८५७ मुलांची माहिती एकत्र करून २०२५ मध्ये हा आकडा मांडला. घड्याळाच्या भाषेत तो २ तास १३ मिनिटे होतो. त्यांपैकी दोन वर्षांखालील मुलांची सरासरी १.२३ तास आहे, म्हणजे १ तास १४ मिनिटे.

आता मर्यादा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या सूत्रांनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको आणि दोन ते चार या वयात दिवसाला कमाल एक तास, तोही जितका कमी तितका बरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२१ मध्ये जवळपास हीच रेघ आखली: दोन वर्षांखाली शून्य, दोन ते पाच वर्षांत मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली कमाल एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. शून्याला त्यांनी एक सवलत ठेवली आहे, ती अधूनमधून नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलची. न्यू जर्सीतील नातवाला पुण्यातील आजी दिसते, तो वेळ हिशेबात धरलेला नाही.

वजाबाकी केली की एक लक्षात येण्याजोगी गोष्ट दिसते. पाच वर्षांखालील मुले एक तासाच्या मर्यादेपेक्षा ७३ मिनिटे जास्त घेतात. दोन वर्षांखालील मुलांची मर्यादा शून्य आहे, म्हणून त्यांची सगळी ७४ मिनिटे जादा. दोन्ही गटांचा जादा वेळ जवळपास सारखाच. पहिल्या गटाच्या सरासरीत दुसऱ्या गटातील मुलेही मिसळलेली आहेत आणि त्यांना एक तासाचाही हक्क नाही, त्यामुळे ७३ हा आकडा हात राखून काढलेला समजावा. वर्षाला तो ४४४ तास होतो. चोवीस तासांचा दिवस धरला तर साडेअठरा दिवस.

सहा तासांतले सव्वादोन

सरासरी मिनिटे एकटी पाहिली तर फार वाटत नाहीत. मुलाच्या दिवसात ती कुठे बसतात हे पाहावे लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रांप्रमाणे १० ते १३ तास झोप आणि १८० मिनिटे हालचाल हवी, त्यांतली ६० मिनिटे दम लागेल अशा खेळाची. झोपेचे १२ तास धरू, खेळाचे तीन. जेवण, आंघोळ, कपडे, येणेजाणे यांचे आणखी तीन तास धरले, तर हातात सहा तास उरतात. २ तास १३ मिनिटे म्हणजे या सहा तासांचे ३७ टक्के. गोष्ट ऐकणे, भांडी वाजवणे, भावंडांशी भांडणे, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणे ही सगळी कामे याच सहा तासांतली आहेत.

त्या कामांचे काय होते, हे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने मोजले. २२० कुटुंबांतील मुलांच्या अंगावरच्या बंडीत छोटे ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून घरातील बोलणे मोजण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलाबाबत, स्क्रीनचे प्रत्येक जादा मिनिट मोठ्यांच्या ६.६ शब्दांच्या, मुलाच्या ४.९ उद्गारांच्या आणि १.१ संवादफेऱ्यांच्या घटीशी जोडलेले आढळले. संवादफेरी म्हणजे एकाने बोलणे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर देणे. हाच दर आपल्या ७३ मिनिटांना लावला तर रोजचे सुमारे ४८० शब्द आणि ८० संवादफेऱ्या होतात. ऑस्ट्रेलियातील घर आणि एकत्र कुटुंबातील मराठी घर यांत बोलण्याचे प्रमाण वेगळे असणार, म्हणून ४८० हा अंदाजच. पण दिशा कोणती, हे त्यातून कळते. मूल भाषा शिकते ते त्याला कोणीतरी उत्तर देते म्हणून. कार्टूनमधील पात्र मुलाला प्रश्न विचारते, पण त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

जपानमधील ७,०९७ मुलांच्या अभ्यासात (२०२३) एक वर्षाच्या मुलांचे स्क्रीनसमोरच्या वेळानुसार चार गट केले होते. ४८.५ टक्के मुले एक तासाच्या आत होती, २९.५ टक्के एक ते दोन तास, १७.९ टक्के दोन ते चार तास आणि ४.१ टक्के चार तास किंवा जास्त. शेवटच्या गटात दोन वर्षांच्या वयाला संवादकौशल्यात मागे राहण्याची शक्यता, पहिल्या गटाशी तुलना करता, सांख्यिकीच्या भाषेत ४.७८ पट होती. हा आकडा बातम्यांत खूप फिरला. त्याच अहवालातील दुसरी नोंद कमी फिरली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलांचा स्क्रीनवेळ जास्त होता, त्यांच्या आया वयाने लहान होत्या, पहिलटकरीण होत्या, घरचे उत्पन्न आणि आईचे शिक्षण कमी होते आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य त्यांच्यात जास्त आढळले. म्हणजे चार तासांची स्क्रीन ही पुष्कळदा दमलेल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या घरातली असते. तिला मर्यादेचा तक्ता पाठवून ती मिनिटे कमी होणार नाहीत. तिच्या जागी तासभर कोणी मुलाजवळ बसले तर होतील.

डोळ्यांचा हिशेब थोडक्यात. ५ ते १५ वर्षांच्या शहरी भारतीय मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण १९९९ मध्ये ४.४४ टक्के होते, ते २०१९ मध्ये २१.१५ टक्के झाले. वीस वर्षांत पावणेपाच पट. जगभरातील ४५ अभ्यास आणि ३,३५,५२४ व्यक्तींचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये आला. त्यानुसार रोजच्या प्रत्येक जादा तासामागे लघुदृष्टीची शक्यता २१ टक्क्यांनी वाढलेली दिसते. उपायाचाही एक आकडा आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या हवेत नेले. तीन वर्षांनी नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण त्या शाळांत ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५ टक्के. फरक ९.१ अंकांचा, किंमत ४० मिनिटे. आपल्याकडची जादा मिनिटे ७३ आहेत.

फोन आधी, माणूस नंतर

ही मिनिटे आली कुठून, हे घराघरांत पोहोचलेल्या फोनवरून कळते. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले, २०२१ मध्ये ६७.६ आणि २०२२ मध्ये ७४.८. चार वर्षांत दुपटीहून जास्त, आणि त्यातली सर्वांत मोठी उडी २०१८ ते २०२० या, टाळेबंदीच्या वर्षापर्यंतच्या काळातली. केंद्राच्या दूरसंचार सर्वेक्षणात २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आणि ८६.३ टक्के घरांत इंटरनेट आढळले.

शाळेचा वेग वेगळा आहे. देशभरातील शाळांच्या यूडायस नोंदींनुसार २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते, २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के. एका वर्षात ९.६ अंकांची वाढ मोठी आहे. तरीही घर शाळेच्या जवळपास २३ अंकांनी पुढे आहे. संगणक ५७.२ टक्क्यांवरून ६४.७ टक्क्यांवर आले. म्हणजे इंटरनेट कसे वापरावे याचा पहिला धडा बहुतेक मुलांना घरी मिळतो आणि तो शिकवणारी व्यक्ती घरातली असते.

ती व्यक्ती कोण? लहान मुलाजवळ दिवसभर बहुतेक आई किंवा आजी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले होते, पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी. महाराष्ट्रात हेच आकडे ३८.० आणि ६१.५ आहेत. त्यानंतर वापर नक्कीच वाढला. पण त्या वाढीचा अर्थ असा की, आज चार-पाच वर्षांच्या मुलांच्या आयांपैकी मोठा गट याच काळात इंटरनेटवर आला. आई आणि मूल एका इयत्तेत आहेत. सायकल शिकवणाऱ्याला आधी सायकल येत असते, पोहायला शिकवणाऱ्याला पोहता येत असते. इथे ते गृहीत धरता येत नाही.

टाळेबंदीत फोन घेताना कारण अभ्यासाचे होते. त्या काळातही सरकारने लहान मुलांना फार वेळ दिलेला नव्हता. शिक्षण मंत्रालयाच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत बालवाडीसाठी ३० मिनिटे होती आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे. शाळा उघडल्या, सत्रे संपली, फोन राहिला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अभ्यासात ५,८११ जण सहभागी होते, त्यांत ३,४९१ विद्यार्थी, १,५३४ पालक आणि ७८६ शिक्षक. ५९.२ टक्के मुले स्मार्टफोन गप्पांच्या अॅपसाठी वापरत होती, ऑनलाइन अभ्यासासाठी १०.१ टक्के. २०२४ च्या 'असर'मध्ये १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांत हे अंतर कमी दिसते. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी फोन अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे १० चे ५७ झाले असे म्हणता येणार नाही. दोन्हींत गप्पा पुढे आणि अभ्यास मागे, एवढे मात्र समान आहे.

'असर' २०२४ हे ६०५ जिल्ह्यांतील १७,९९७ गावांत झालेले सर्वेक्षण. त्यात समाजमाध्यमे वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना सुरक्षिततेचे तीन प्रश्न विचारले होते. ६२ टक्क्यांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे माहीत होते, ५५.२ टक्क्यांना आपले खाते खासगी कसे करायचे हे, आणि ५७.७ टक्क्यांना पासवर्ड कसा बदलायचा हे. अहवालावरच्या चर्चेत हे आकडे समाधानकारक म्हणून मांडले गेले. उलट बाजूने वाचले तर खाते खासगी करणे ४४.८ टक्के मुलांना माहीत नाही. ही मुले धाकट्या भावंडांच्या हाती फोन देतात. कित्येक घरांत अॅप उघडून देणारे, पासवर्ड सांगणारे पहिले शिक्षक तेच. आठ वर्षांच्या मुलीला सुरक्षितता शिकवायची असेल तर तिच्या पंधरा वर्षांच्या दादाला आधी शिकवावी लागेल, हे या आकड्यांतून निघते. शाळांसाठी हा मार्ग सोपाही आहे, कारण दादा शाळेत हजर असतो.

खोटे वय, उसना फोन

बाल हक्क आयोगाच्या २०२१ च्या त्याच अभ्यासात दहा वर्षांच्या मुलांपैकी ३७.८ टक्क्यांचे फेसबुक खाते होते आणि २४.३ टक्क्यांचे इन्स्टाग्राम खाते. दोन्ही ठिकाणी किमान वय १३ आहे. म्हणजे खाते त्यांच्याच नावाने असेल, तर जन्मसाल खोटे भरलेले आहे.

हे खोटे तीन वर्षांनी आपोआप मिटेल असे वाटते. ते मिटत नाही. दहाव्या वर्षी ज्याने १३ लिहिले, तो खरा १३ वर्षांचा होतो तेव्हा कंपनीच्या नोंदीत १६ चा असतो. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोर खाती आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात सुरू झाली. त्यांत खाते मूळचेच खासगी असते, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात, ६० मिनिटांनंतर थांबण्याची आठवण येते. हे नियम सैल करायला १६ वर्षांखालील मुलाला पालकाची परवानगी लागते. नोंदीत १६ झालेल्या तेराच्या मुलाला लागत नाही. तोच मुलगा खरा १५ चा होईल तेव्हा नोंदीत १८ चा असेल आणि सगळेच संरक्षण संपेल. ज्याने पहिल्याच दिवशी १८ लिहिले, त्याला ते कधी मिळालेच नाही. घरात बसून करता येण्यासारखे पहिले काम म्हणूनच तपासणीचे आहे: खात्यातले जन्मसाल खरे आहे का. मर्यादेवर वाद घालण्याआधी हे पाहावे.

लहान मुलांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. त्यांचे खातेच नसते. 'असर' २०२४ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांत स्वतःचा फोन असलेली २७ टक्के होती, १६ वर्षांच्यांत ३७.८ टक्के. मुलांत हे प्रमाण ३६.२ टक्के, मुलींत २६.९. चौदाव्या वर्षी चारातल्या तिघांचा फोन उसना असेल, तर पाचव्या वर्षी तो जवळपास प्रत्येकाचाच उसना. वडिलांच्या फोनवर वडिलांचे खाते उघडे असते. समोरचे अॅप पाहणाऱ्याला ३५ वर्षांचा माणूस समजते, त्याच्या आवडीचे व्हिडिओ पुढे सरकवते, त्याच्या खात्यातून खरेदीही करू देते. मुलांसाठी बनवलेली बहुतेक सगळी कुंपणे खात्याच्या वयाला बांधलेली आहेत. उसन्या फोनवर ती लागूच होत नाहीत.

यावरचा उपाय फुकट आहे आणि दहा मिनिटांचा आहे, पण तो कोणीतरी करून द्यावा लागतो. यूट्यूब किड्स हे वेगळे अॅप भारतात २०१६ पासून आहे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे तीन गट आहेत, आणि चौथी सोय अशी की पालकाने निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत. लहान मुलांसाठी मी ही चौथी सोय निवडेन, कारण तिच्यात शोध बंद होतो. तिन्ही वयोगटांतली निवड बरीचशी यंत्र करते, चौथीत पूर्ण निवड घरातला माणूस करतो. फोन एका अॅपपुरता अडकवून ठेवण्याची, म्हणजे पिन करण्याची, सोय अँड्रॉइडमध्ये आहे. त्यामुळे कार्टून पाहता पाहता मूल बँकेच्या अॅपमध्ये पोहोचत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग आहे. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणे बंद करता येते. या शेवटच्या सेटिंगला मी सर्वांत वर ठेवतो. व्हिडिओ संपणे ही मुलाच्या हातून फोन शांतपणे घेण्याची एकमेव नैसर्गिक जागा असते. ती जागा गेली की उरते ती ओढाताण.

मुलांच्या खेळांतील खरेदी हा किरकोळ विषय वाटतो. पण अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट खेळाची कंपनी एपिक गेम्सने ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांतले २७.५ कोटी १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याचा दंड होता. उरलेले २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण खेळातील बटणांच्या रचनेमुळे नको असलेली खरेदी होत होती, मुलांच्या हातूनही. दंड आणि परतावा यांत फरक फक्त तीन कोटींचा.

एकाच गोष्टीची दोन मोजमापे

भीतीचे आकडे या विषयात सर्वांत जास्त फिरतात आणि सर्वांत कमी समजून घेतले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे २०२१ मध्ये १,३७६ होते, २०२२ मध्ये १,८२३. वाढ ३२.५ टक्के. याच वर्षी मुलांविरुद्धचे एकूण गुन्हे १,४९,४०४ वरून १,६२,४४९ झाले, म्हणजे ८.७ टक्क्यांनी वाढले. सायबर गुन्ह्यांचा वेग पावणेचार पट, एकूण गुन्ह्यांतील वाटा मात्र १.१ टक्के. १,८२३ पैकी १,१७१ प्रकरणे, म्हणजे ६४ टक्के, मुलांचे अश्लील चित्रण ठेवण्याची किंवा पसरवण्याची होती. पाठलाग आणि छळाची १५८. शाळकरी मुलांच्या पालकांना ज्याची सर्वाधिक धास्ती असते तो ऑनलाइन छळ पोलिसांच्या नोंदीत नऊ टक्क्यांहून कमी आहे. तो कमी घडतो असा याचा अर्थ नाही. तो पोलीस ठाण्यापर्यंत कमी पोहोचतो, इतकेच म्हणता येते.

दुसरे मोजमाप अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राचे आहे. फेसबुक, गूगलसारख्या कंपन्या आपल्या सेवांवर सापडलेल्या बाललैंगिक शोषणाच्या चित्रणाची सूचना या केंद्राला देतात. भारताशी जोडलेल्या सूचना २०२१ मध्ये सुमारे ४७ लाख होत्या, २०२२ मध्ये ५६.७५ लाख, २०२३ मध्ये ८९.२४ लाख. एका वर्षात ५७ टक्के वाढ, आणि देशांच्या यादीत पहिला क्रमांक.

२०२२ चे दोन आकडे शेजारी ठेवा: ५६.७५ लाख सूचना, १,८२३ नोंदवलेले गुन्हे. एका गुन्ह्यामागे ३,१०० हून जास्त सूचना. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सूचना बहुतांशी यंत्राने पकडलेली असते, एकच चित्र हजार वेळा पुढे पाठवले तर हजार सूचना होऊ शकतात, आणि देश ठरतो तो चित्र जिथून चढवले गेले त्या ठिकाणावरून. चित्रातले मूल कुठलेही असू शकते. म्हणून ५६.७५ लाख ही रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी आहे, अपघातांची नाही. १,८२३ ही अपघातांची मोजणी, तीही तक्रार झाली तेवढ्यांची.

या केंद्राच्या एकूण जागतिक आकड्यात २०२४ मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. सूचना ३.६२ कोटींवरून २.०५ कोटींवर आल्या, ४३ टक्क्यांची घट. याचा मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. एकाच व्हायरल प्रकाराच्या अनेक सूचना आता एकत्र बांधून पाठवता येतात. सुट्या घटना मोजल्या तर आकडा २.९२ कोटी होतो. शिवाय संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद झाले की कंपनीलाही आतले दिसत नाही, आणि न दिसलेल्याची सूचना होत नाही. याच वर्षी मुलांना बोलण्यात गुंतवून लैंगिक कृत्याकडे ओढण्याच्या सूचना १.८७ लाखांवरून ५.४६ लाखांवर गेल्या, १९२ टक्के वाढ. एकूण आकडा खाली आला आणि थेट मुलापर्यंत पोहोचणारा प्रकार जवळपास तिप्पट झाला.

पालकांसाठी यातून निघणारी एक गोष्ट कायद्याची आहे. संदेशांच्या गटांमध्ये कधीकधी बाललैंगिक शोषणाची चित्रफीत 'गुन्हेगार पकडला जाईपर्यंत पुढे पाठवा' असे लिहून येते. हेतू चांगला असला तरी ती पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की असे चित्रण जवळ ठेवणेही मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगता करता येते. मुलासाठी मदत १०९८ वर मिळते, पैसे गेले असतील तर १९३० वर. आठ वर्षांच्या मुलाला हे क्रमांक पाठ असण्याची गरज नाही. 'काही विचित्र दिसले तर मला दाखव, तुझा फोन काढून घेणार नाही' हे घरातल्या एका माणसाने त्याला सांगितलेले असणे गरजेचे आहे. फोन जाईल या भीतीने मुले बोलत नाहीत, आणि १५८ सारखे आकडे छोटे राहतात.

सातचा भोंगा

महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२ मध्ये याच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबरमध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. सातला भोंगा होतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मधली ९० मिनिटे.

दोन उपायांत फरक वयाचा आहे. बान्सीच्या ठरावात फोन ठेवायचा तो मुलांनी. वडगावात सगळ्यांनी. मूल पुस्तक उघडून बसले असताना शेजारी बाप रिल्स पाहतो, ही अडचण दुसऱ्या पद्धतीत मुळातच येत नाही. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे लोक घरोघरी फिरून पाहत होते, कारण मोठी माणसेच ऐकत नव्हती. माझे मत वडगावच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण वजाबाकीत आहे. गावाने सगळा दिवस मागितलेला नाही. ९० मिनिटे मागितली, आणि ती आपल्या ७३ पेक्षा १७ ने जास्त आहेत. ४० मिनिटे अंगणात आणि ३३ मिनिटे गोष्टीत गेली तरी १७ उरतात.

देशपातळीवरचा उपाय कायद्याचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी मंजुरी मिळाली. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणे किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. भंगाचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. अमेरिकेच्या कायद्यात ही वयोरेषा १३ आहे, आपली पाच वर्षांनी वर. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खातीच बंद केली आणि कंपन्यांसाठी दंड ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत ठेवला. दोन्हींत दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. भारताच्या कायद्यात मात्र दाराची किल्ली पालकाच्या हाती आहे, आणि आयांच्या वयोगटातील स्त्रियांपैकी तिघींतल्या दोघींनी २०१९-२१ पर्यंत इंटरनेट कधी वापरले नव्हते. संमतीच्या पानावर काय लिहिले आहे, हे मराठीत आणि चार ओळींत सांगण्याची सक्ती या कलमाइतकीच महत्त्वाची ठरेल.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुलांविषयीच्या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. ती मे २०२७ मध्ये संपते. कायद्याला मंजुरी मिळाली त्या दिवशी जन्मलेले मूल तेव्हा पावणेचार वर्षांचे असेल. आजच्या सरासरीने पहिली दोन वर्षे रोज ७४ मिनिटे आणि त्यानंतर रोज ७३ मिनिटे धरली, तर कलम नऊ त्याच्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी त्याच्या नावावर सुमारे १,६७५ जादा तास जमा झालेले असतील.